‘मला अंडी मारली होती, मी कसा रेसिस्ट असेन?’

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहणाऱ्या एका मराठी बाईंनी लिहिलंय. राहत्या घराशिवाय नवराबायकोच्या नावावर एक छोटा फ्लॅट आहे, तो भाड्याने देतात. जुने भाडेकरू गेले, तेव्हा नवऱ्याने एजंटला फोनवर सांगितलं की शक्यतो आपल्याकडची एखादी फॅमिली बघा, आफ्रिकन वगैरे नकोत, शेजारच्यांना मागे वाईट अनुभव आलाय. युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेल्या मुलीने हे ऐकलं आणि म्हणाली, बाबा, हा सरळसरळ रेसिझम आहे. बाबा भडकले. मी या देशात आलो तेव्हा बसस्टॉपवर पोरांनी माझ्यावर अंडी फेकली, पाकी म्हणून ओरडले, मला तू रेसिझम शिकवणार? आणि वर तिचंच वाक्य तिला ऐकवलं, की मागे जेवताना तूच सांगत होतीस ना, रेसिझम म्हणजे पूर्वग्रह अधिक सत्ता, त्यामुळे ब्राऊन माणूस रेसिस्ट असूच शकत नाही? मुलगी म्हणाली, ते गोऱ्यांच्या बाबतीत! तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यातच बाईंच्या स्वतःच्या ऑफिसमध्ये एक प्रकार झाला. गप्पांमध्ये त्या हसत हसत म्हणाल्या, तुम्ही गोरे लोक सगळे सारखेच, जेवणाला चव नाही आणि आईबापांना होममध्ये टाकता. समोरच्या कलीगने आठवड्यापूर्वीच आईला केअर होममध्ये ठेवलं होतं. तिने मॅनेजरला सांगितलं, आता मीटिंग आहे. मुलगी म्हणते, घाबरू नकोस, उलटा रेसिझम असं काही नसतंच. बाईंचा प्रश्न: रेसिस्ट नक्की कोण असू शकतं? आमच्या घरात बरोबर कोण? आणि मी माफी मागायची की नाही?

---

नमस्कार,

बरोबर कोण हे सांगते, पण आधी तुमच्याच पत्रात मला जे दिसलं ते सांगू का? तुमच्या घरात रेसिझमच्या तीन वेगवेगळ्या व्याख्या आहेत, आणि प्रत्येकाने नेमकी अशी धरून ठेवलीय की जिच्यात आपण सुटतो. तुमच्या मिस्टरांसाठी रेसिस्ट म्हणजे अंडी फेकणारा, शिव्या देणारा, म्हणजे ते सुटले. लेकीसाठी रेसिस्ट म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे तो गोरा समाज, म्हणजे ती सुटली आणि जाता जाता तुम्हालाही सोडवून गेली. आणि तुम्ही लिहिलंय की ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं हो’, म्हणजे तुमची व्याख्या मनावर अवलंबून, आणि मन कोणी तपासत नाही. मी म्हणेन की व्याख्या कुठलीही घ्या, पण ती आपल्या विरुद्ध जाते तेव्हाही मान्य आहे का एवढं बघा. नसेल तर ती व्याख्या नाही, वकीलपत्र आहे.

लेकीची व्याख्या आधी घेऊ, कारण बरेच पालक ‘ही युनिव्हर्सिटीत काय काय शिकून येते’ म्हणून ती उडवून लावतात, आणि तसं करू नये. ती कुणाच्या तरी डोक्यातून रिकामटेकडेपणाने आलेली नाही. अमेरिकेत 1964 चा सिव्हिल राइट्स कायदा झाला, कागदावर भेदभाव बंद झाला, तरी घरं, शाळा, नोकऱ्या, पोलीस, सगळीकडे काळ्या लोकांच्या बाबतीत तेच चाललेलं होतं, आणि विचारायला जावं तर प्रत्येक जण म्हणायचा मी तर कोणाला काही बोललो नाही. मग शिवी देणारा माणूस शोधून उपयोग काय? काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कार्मायकल आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये संस्थांमधल्या वर्णद्वेषाबद्दल लिहिलं, आणि 1970 मध्ये पॅट्रिशिया बिडॉल यांनी ते ‘पूर्वग्रह अधिक सत्ता’ असं मांडलं. इंग्लंडमध्ये हाच मुद्दा स्टीफन लॉरेन्सच्या खुनानंतर आला. 1993 मध्ये लंडनच्या एल्थममध्ये बसस्टॉपवर उभ्या असलेल्या त्या काळ्या पोराला मारलं, पोलिसांनी तपासात घोळ घातला, आणि 1999 मध्ये सरकारी चौकशीच्या मॅक्फर्सन अहवालाने मेट्रोपॉलिटन पोलीस ही संस्थाच वर्णद्वेषी आहे असं लिहिलं. एखाददुसरा वाईट हवालदार असता तर बदलून टाकता आला असता, पण इथे कामाची पद्धतच तशी होती. हे समजायला सत्तेची व्याख्या लागतेच, मुलीचं तिथे काही चुकलेलं नाही.

फक्त ती व्याख्या एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे: एका रंगाची माणसं सगळीकडेच मागे का राहतात? ‘या माणसाने त्या दिवशी त्या माणसाशी काय केलं’ हा वेगळा प्रश्न. आणि मजा अशी की तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत तिची व्याख्याही बाबांना सोडत नाही! सत्ता ही काही कातडीला कायमची चिकटलेली नसते, जागेप्रमाणे बदलते. या देशात सत्ता गोऱ्यांकडे आहे हे ढोबळमानाने खरं, पण घर शोधणाऱ्या घानाच्या नर्सला ढोबळमान भेटत नाही, तिला तुमचे मिस्टर भेटतात, आणि किल्ली त्यांच्या खिशात आहे. पूर्वग्रह आहे, सत्ताही आहे, बेरीज करा. मुलीने मागच्या वर्षी व्याख्या अर्धीच सांगितली आणि बाबांनी तेवढीच सोयीने लक्षात ठेवली.

आता कायदा, कारण इथे नुसत्या मतांचं प्रकरण नाहीये आणि पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटली. ब्रिटनच्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये रेस या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं, आणि कोणाकडे सत्ता आहे, कोणी इतिहासात काय सोसलंय हे हा कायदा विचारतच नाही. कलम 24 तर असं सांगतं की भेदभाव करणाऱ्यात स्वतःत तेच वैशिष्ट्य असलं तरी काही फरक पडत नाही. म्हणजे ब्राऊनने ब्राऊनला डावललं तरी तो भेदभावच, काळ्याला किंवा गोऱ्याला डावललं तरी तेच. घर भाड्याने देताना असं करणं बेकायदा आहे, आणि कलम 111 प्रमाणे दुसऱ्याला तसं करायला सांगणं हेसुद्धा. म्हणजे ‘मी कुठे कोणाला नाही म्हणालो, मी तर फक्त एजंटला सुचवलं’ हे चालत नाही, तो फोनच मुळात बेकायदा. एजंटने ते ऐकून तसं केलं असेल तर तोही अडकलाय.

मिस्टरांना एक गोष्ट जरूर सांगा. केंटमध्ये शेकड्यांनी घरं बाळगून असलेला एक घरमालक होता, त्याने एजंटला ईमेल केला की ‘कलर्ड’ लोक नकोत, कारण ते घर सोडून गेल्यावर करीचा वास राहतो. 2017 मध्ये इक्वॅलिटी कमिशनने त्याला कोर्टात खेचलं आणि मेडस्टनच्या कोर्टाने त्याला असं धोरण ठेवायला मनाई केली. तेव्हा आपल्या लोकांच्या ग्रुपांवर किती चीड होती आठवतं का, आमच्या फोडणीला वास म्हणतो म्हणून? आता तो ईमेल आणि तुमचा फोन शेजारी शेजारी ठेवा. त्याच्याकडेही मागचा अनुभव होता, त्यालाही वाटत होतं की मी धंद्याचा विचार करतोय, द्वेष कुठे करतोय.

इथे मला मिस्टरांच्या बाजूने बोलायचंय, कारण ती अंडी खरी आहेत. तुम्ही लिहिलंय की ते त्याबद्दल घरात कधी बोलले नव्हते, भांडणात पहिल्यांदा बाहेर आलं. याचा अर्थ एवढी वर्षं ते मनात तसंच होतं, आणि ज्या दिवशी बाहेर आलं त्या दिवशी मुलीने त्याला उत्तर म्हणून घेतलं, दुःख म्हणून ऐकलंच नाही. तिचंही बरोबर आहे म्हणा, ते ढाल म्हणूनच तर पुढे केलं होतं. पण सोसलेलं असणं ही लस नाही. उलट या देशात घराच्या बाबतीत आपण आणि कॅरिबियन, आफ्रिकन लोक एकाच दारात उभे होतो. पन्नास-साठच्या दशकात खिडक्यांमध्ये ‘कलर्ड नकोत’ अशा पाट्या लागायच्या, 1965 चा पहिला रेस रिलेशन्स कायदा आला तर त्यात घरं धरलेलीच नव्हती, ती 1968 च्या कायद्यात आली. त्या पाटीवर आपण कुठले आणि ते कुठले असा फरक केलेला नसायचा. आज आपल्याकडे दोन किल्ल्या आल्या त्यात त्या लढ्याचा वाटा आहे, आणि तो लढा काही फक्त आपल्या लोकांनी लढलेला नाही.

मिस्टर क्रिकेटवाले असतील (आपल्याकडचे असतातच) तर तिथूनही बोलता येईल. जानेवारी 2021 मध्ये सिडनीत सिराजला प्रेक्षकांकडून ऐकावं लागलं, क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशी करून मान्य केलं की भारतीय खेळाडूंवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली, आपण सगळे संतापलो. आणि ऑक्टोबर 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या, कॅरिबियन वंशाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे आवाज कुठे काढले होते? बडोद्याला, आणि नंतर आपल्या वानखेडेवर. तेव्हा कितीतरी जणांचं म्हणणं होतं की छे, गंमत चाललीय, आपण कुठले वर्णद्वेषी, आपल्यावर तर इंग्रजांनी राज्य केलं. सिडनीचे प्रेक्षकही गंमतच करत असतील मग!

‘आपल्याकडची फॅमिली’ या शब्दांबद्दलही थोडं. त्यात नक्की कोण बसतं हो? गुजराती चालेल का, तमिळ, पाकिस्तानी, मुसलमान, मराठीच पण मटण शिजवणारे? भाड्याच्या बाजारात ‘आपलं’ हे वर्तुळ किती लहान होऊ शकतं ते मुंबईतल्या लोकांना सांगायला नको. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना त्या मराठी आहेत म्हणून ऑफिसला जागा नाकारली, व्हिडिओ फिरला, अख्खा महाराष्ट्र पेटला होता. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थी घर शोधत किती फिरतात त्याचा व्हिडिओ आपण क्वचितच फॉरवर्ड करतो. आणि इंग्लंडमध्येच बिहारमधून आणलेल्या एका आदिवासी मोलकरणीने आपल्या भारतीय मालकांवर केस केली होती. तिथे 2014 मध्ये नोकरीविषयक अपील ट्रिब्युनलने म्हटलं की जात ही वांशिक मूळ या शब्दाखाली येऊ शकते, म्हणजे रेसच्या कायद्यात, आणि पुढच्या वर्षी तिला बुडवलेल्या पगाराचे एक लाख ऐंशी हजारांहून जास्त पौंड मंजूर झाले. त्या खटल्यात गोरा माणूस कुठे होता? रेसिस्ट कोण असू शकतं याचं कायद्याने दिलेलं उत्तर एवढं साधं आहे.

शेजाऱ्यांचा वाईट अनुभव मी खोटा म्हणत नाही. भाडं थकतं, भिंती खराब होतात, चारजणांच्या जागी नऊ राहतात. पण हे सगळं पासपोर्ट बघून कळत नाही, ते मागच्या घरमालकाच्या रेफरन्सवरून, पगाराच्या कागदावरून आणि क्रेडिट चेकवरून कळतं. इंग्लंडमध्ये सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घेता येतं, ते सरकारमान्य डिपॉझिट स्कीममध्ये ठेवा, भाडेकरू आत जाताना फोटोंसकट इन्व्हेंटरी (सामानाची आणि घराच्या स्थितीची यादी) करा, किती माणसं राहणार ते करारात लिहा, अधूनमधून नोटीस देऊन बघून या. राइट टू रेंटचे (इथे घर भाड्याने घ्यायचा हक्क आहे याचे) कागद तपासायचे ते सगळ्यांचे तपासायचे, नाव परकं वाटतं त्यांचेच नाही. तीच चाळणी सगळ्यांना, आणि मग जो पहिला पास होईल त्याला घर. त्यातूनही ‘आपली’ फॅमिली मिळाली तर छानच की.

आता तुमच्या ऑफिसचं. माफी मागा, आणि मीटिंगच्या आधी मागा. मुलगी म्हणते तसा व्याख्येचा आधार तिथे अजिबात घेऊ नका. एक तर कायद्यात तो नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू सॅम केर, जिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा, तिने लंडनमध्ये एका पोलिसाला ‘मूर्ख आणि गोरा’ म्हटलं म्हणून तिच्यावर वर्णद्वेषी छळाचा खटला चालला. फेब्रुवारी 2025 मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं, पण बघा, गोरा आहे म्हणून केसच होऊ शकत नाही असं काही झालं नाही, केस झाली आणि पुराव्यावर निकाल लागला. आणि दुसरं, तुमच्या कलीगला तुम्ही तिच्या रंगाबद्दल बोललात हे लागलंच नसेल कदाचित, तिला लागलं ते आईबद्दल. ‘मी सगळ्या गोऱ्या लोकांना एका मापाने मोजलं आणि तुझ्या आईच्या बाबतीत ते फार क्रूर होतं, माझं चुकलं’, एवढंच. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं नको, आणि आमच्याकडे आईवडिलांना घरीच सांभाळतात हे तर मुळीच नको. (सासूबाई सध्या पुण्यात एकट्या राहतात असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय, म्हणून सांगितलं.)

मग तुमचा विनोद आणि मिस्टरांचा फोन सारखेच का? माझ्या मते नाही, आणि इथे मी लेकीच्या बाजूला आहे. तुमच्या विनोदाने एक बाई दुखावली, संध्याकाळी ती स्वतःच्या घरी गेली, तिच्यासाठी कुठलं दार बंद झालं नाही. फोनने मात्र ज्यांचं तोंडही बघितलं नाही अशा माणसांना घर मिळायचं थांबलं, आणि त्यांना असे फोन बहुतेक आणखी दहा दारी आडवे येत असणार. दोन्ही चूक, पण वजन वेगळं. या दोन्हींना एकच शब्द वापरावा की नाही यावर समजूतदार माणसांचंही एकमत नाही. काहींना वाटतं रेसिझम हा शब्द त्या जड प्रकारासाठी राखून ठेवावा आणि बाकीच्याला पूर्वग्रह म्हणावं, नाहीतर त्याची धार जाते. मला त्यातली अडचण अशी दिसते की एकदा राखून ठेवायला लागलो की मग कोणाचं दुःख त्या शब्दाला पुरेसं आहे हे ठरवत बसावं लागतं. 2023 मध्ये डायन ॲबट यांच्याबाबतीत हेच झालं. ब्रिटनच्या पहिल्या काळ्या महिला खासदार, स्वतः आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या, त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की ज्यू, आयरिश आणि ट्रॅव्हलर (तिथल्या भटक्या समाजाच्या) लोकांना पूर्वग्रह सोसावा लागतो पण आयुष्यभर रेसिझम नाही. केवढा गहजब झाला, पक्षाने निलंबित केलं, त्यांनी माफीही मागितली. ज्या युरोपात ज्यूंचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे तिथे ते वाक्य टिकणारच नव्हतं. म्हणून मी तरी शब्दाच्या मापावरून भांडत नाही, काय झालं आणि कोणाचं काय गेलं ते विचारते.

घरातलं बोलणं सुरू करायचं तर तो शब्द काही दिवस बाजूला ठेवा. ‘बाबा रेसिस्ट आहेत की नाहीत’ हा वाद पाच वर्षं चालेल, कारण तो माणसाच्या चारित्र्यावरचा निकाल आहे आणि स्वतःविरुद्ध असा निकाल कोण मान्य करेल? ‘तो फोन करायला नको होता’ हे त्या मानाने पचतं, कारण फोन परत घेता येतो. मुलीला आधी एकटीला सांगा की तू फोनबद्दल बोललीस ते बरोबर बोललीस. हे तिला घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून ती व्याख्या घेऊन लढतेय. आणि मग तिला सांगा की बाबांना त्या बसस्टॉपबद्दल विचार, काय झालं, कोणी मदत केली, घरी येऊन काय केलंस, आणि त्यावर ‘पण’ म्हणायचं नाही. मिस्टरांना केंटचा ईमेल दाखवा, शक्यतो ती समोर नसताना. मुलीसमोर हरायला कुठल्याच बापाला आवडत नाही, तुम्ही तिथे पंच म्हणून उभं राहू नका.

आणि पंच होण्याचा तसाही तुम्हाला हक्क नाही, हे जरा स्पष्टच सांगते. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मागचे भाडेकरू शोधतानाही एजंटला असंच काही सांगितलं होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘या वेळी मुलीने ऐकलं’ असं लिहिलंय, म्हणजे आधी तुम्ही ऐकत होतात. तेव्हा मिस्टर तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही, मालकीण म्हणून तुम्ही आजच एजंटला ईमेल करू शकता: फोनवर दिलेली सूचना मागे घेत आहोत, देश किंवा वंश बघून कोणालाही वगळू नये, उत्पन्न आणि रेफरन्सवरच निवड करावी, आणि त्या सूचनेमुळे कोणाला परत पाठवलं असेल तर त्यांना पुन्हा बोलवावं. मिस्टरांना कॉपीत ठेवा, लपवून करू नका, नाहीतर आणखी एक भांडण. एजंटने ‘ठीक आहे, समजलं’ असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, आणि टाळाटाळ करायला लागला तर एजंट बदला, कारण असा एजंट पुढे हीच सूचना तुमच्या नावावर टाकेल.